पीक आपलं बुडालं, तरी सोयाबीनचा भाव का चढत नाही? समोरचा काय करेल ते आधी ओळखा

🌱 *सभासद सल्ला : सोयाबीन बाजार*



सप्टेंबरच्या पावसानं आपल्या भागाचं काय केलं ते सांगायला नको. कुणाचं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, कुणाच्या शेंगांना जागेवर कोंब फुटले, कुणाची मातीच वाहून गेली. जे वाचलं ते आता काढणीला आलंय. आणि गेल्या आठ दिवसांत कंपनीच्या ऑफिसला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच: *"पीक एवढं बुडालं, माल कमी येणार, मग भाव वाढायला पाहिजे. थांबू का विकू?"*

प्रश्न रास्त आहे. माल कमी तर भाव जास्त, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव ५,३२८ रुपये असताना बाजार त्याच्या बराच खाली होता. म्हणजे या हिशेबात आपण काहीतरी धरत नाही. काय धरत नाही, तेच आज सांगायचं आहे. मेसेज लांब आहे, पण माल विकण्याआधी एकदा पूर्ण वाचा. घरात कुणी वाचून दाखवलं तरी चालेल.

*१) आधी आमची चूक*

सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर सगळं धरून ५.५ टक्के होतं, ते २७.५ टक्के झालं. आपण सगळे खूश. याच ग्रुपवर कंपनीनं मेसेज टाकला होता की, तेल महाग होणार, सोयाबीन चढणार, घाई करू नका. तेल खरंच महाग झालं. सोयाबीन मात्र तेव्हाच्या ४,८९२ च्या हमीभावाखालीच रेंगाळलं. ज्यांनी आमचं ऐकून माल घरात ठेवला आणि वर व्याज भरलं, त्यांचं नुकसान झालं. ती चूक आमची होती.

चूक कुठं झाली? आपण एकच बातमी पाहिली. त्या बातमीनंतर बाजारातले बाकीचे लोक काय करतील, हे पाहिलं नाही.

*२) सोयाबीन म्हणजे तेल कमी, पेंड जास्त*

प्लांटवर १०० किलो सोयाबीन गाळलं तर साधारण १८ किलो तेल आणि ८० किलोच्या आसपास पेंड निघते. म्हणजे आपण तेलबिया पिकवतो म्हणतो खरं, पण वजनानं पाहिलं तर पेंडच पिकवतो.

आता हा साधा हिशेब पाहा:

▪️ तेल किलोमागे ५ रुपयांनी वाढलं: १८ × ५ = क्विंटलमागे *९० रुपये* जास्त
▪️ पेंड किलोमागे ५ रुपयांनी उतरली: ८० × ५ = क्विंटलमागे *४०० रुपये* कमी

तेलानं दिलेलं पेंडीनं काढून घेतलं, वर आणखी नेलं. २०२४ च्या हंगामात हेच झालं. म्हणून इथून पुढे टीव्हीवर "तेल भडकलं" अशी बातमी आली की लगेच विचारा: *पेंडीचं काय?*

*३) पेंडीला भिडू कोण? मका!*

सोयापेंड कुणाला लागते? मुख्यतः कोंबडीखाद्य आणि पशुखाद्य बनवणाऱ्यांना. त्यांना पेंडीतलं प्रथिन हवं असतं. तेच प्रथिन दुसरीकडे स्वस्तात मिळालं की ते तिकडे जातात. त्यात त्यांचा काही दोष नाही, आपणही खत घेताना तेच करतो.

हे स्वस्त प्रथिन आलं कुठून? ही साखळी नीट पाहा:

▪️ २०२३ ला पाऊस कमी झाला, ऊस कमी येणार असं दिसू लागलं.
▪️ साखर महागू नये म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन आणलं.
▪️ पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट तर गाठायचं होतं. मग कारखाने मक्याकडे आणि तांदळाकडे वळले.
▪️ मक्यातला स्टार्च इथेनॉलमध्ये जातो. उरलेला चोथा वाळवतात, त्याला *डीडीजीएस* म्हणतात. एक टन मक्यामागे तो साधारण ३०० किलो निघतो. त्यात प्रथिन भरपूर असतं आणि तो सोयापेंडीपेक्षा बराच स्वस्त पडतो.
▪️ खाद्य कारखान्यांनी पेंड कमी केली, हा माल वाढवला. पेंड उतरली, सोयाबीन उतरलं.

म्हणजे उसावर झालेला एक निर्णय वर्षभरात फिरून आपल्या सोयाबीनच्या पोत्यावर येऊन बसला. ज्यानं डिसेंबर २०२३ ला ही बातमी वाचून "आता इथेनॉलवाले कशाकडे जातील?" एवढा एक प्रश्न विचारला, त्याला पुढचं दिसलं असतं. आम्हाला दिसलं नाही.

२०२५ च्या खरिपात देशात मक्याचा पेरा वाढला आणि सोयाबीनचा घटला. पेरा घटला म्हणून खूश होण्याआधी हे लक्षात ठेवा की वाढलेल्या मक्यातून आणखी चोथा येणार आहे.

*४) बाजारात आपल्यासमोर कोण कोण बसलंय?*

पत्ते खेळताना आपण फक्त आपल्या हातातली पानं बघत नाही. समोरच्यानं काय टाकलं आणि आता त्याच्याकडे काय उरलं असेल, हेही बघतो. बाजारातही तेच करायचं. प्रत्येक भिडूबद्दल तीन प्रश्न विचारायचे: *त्याला काय हवंय? तो काय करू शकतो? ते आपल्याला आधी कशावरून कळेल?*

👉 *मध्य प्रदेशचा शेतकरी.* सोयाबीनमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही देशातली दोन मोठी राज्यं. मध्य प्रदेश सरकारनं २०२५ मध्ये सोयाबीनला भावांतर योजना लावली. २४ ऑक्टोबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ या काळात नोंदणी केलेल्या शेतकऱ्यानं मंडीत माल विकायचा आणि ठरलेल्या पद्धतीनं फरक सरकारनं द्यायचा, असं ठरलं. आता तिथल्या शेतकऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. फरक मिळणार असेल तर तो भाव कमी आहे म्हणून थांबेल का? नाही थांबणार. मुदतीच्या आत माल मंडीत नेईल. म्हणजे त्या काळात तिकडची आवक दाटणार. २०१७ मध्ये हीच योजना तिथं पहिल्यांदा आली, तेव्हाही आवक एकदम वाढून भाव दबल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. आपल्याकडे भावांतर नाही, पण तिकडच्या दबलेल्या भावाचा फटका आपल्यालाही बसतो, कारण पेंड घेणारे गिऱ्हाईक एकच.
_खूण:_ इंदूर, उज्जैन, देवास या मंड्यांची रोजची आवक.

👉 *ब्राझील आणि अर्जेंटिना.* आपल्या देशात सोयाबीन साधारण सव्वाशे लाख टन होतं. ब्राझील एकटा १,७०० लाख टनांच्या आसपास पिकवतो. म्हणून आपल्या चार जिल्ह्यांत पूर आला तरी जगाच्या बाजारात पान हलत नाही. तिकडचं सोयाबीन सरळ आपल्याकडे येत नाही, पण तेल येतं. शिवाय परदेशात आपली पेंड त्यांच्या पेंडीसमोर उभी राहते.
सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट घ्या. अर्जेंटिनाला डॉलरची टंचाई होती. २२ सप्टेंबरला त्यांनी सोयाबीन, तेल आणि पेंडीवरचा निर्यात कर काही काळासाठी शून्यावर आणला. ७ अब्ज डॉलरची विक्री होईपर्यंत ही सवलत होती. अवघ्या तीन दिवसांत ती मर्यादा भरली. चीननं सोयाबीन उचललं, आपल्या देशातल्या आयातदारांनीही तेल उचललं. तेव्हा आपण शेतातलं पाणी काढत होतो आणि आपल्या दिवाळीनंतरच्या तेलाचा सौदा तिकडे होऊन गेला होता.
_खूण:_ डिसेंबर-जानेवारीत ब्राझीलचा पाऊस. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांची काढणी. त्यांचा पाऊस चांगला असेल तर फेब्रुवारीनंतर भाव चढण्याची आशा कमी धरा.

👉 *चीन आणि अमेरिका.* जगात सगळ्यात जास्त सोयाबीन चीन विकत घेतो. २०१८ ला दोघांचं भांडण झालं, चीननं अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं आणि ब्राझीलकडे वळला. २०२५ लाही हंगामाच्या सुरुवातीला तसंच झालं, अमेरिकेच्या नव्या पिकाला चीनचं गिऱ्हाईक नव्हतं. मग अमेरिका माल कुठं घालणार? दुसरी दारं ठोठावणार. तेव्हा आपल्याशी त्यांची व्यापाराची बोलणी चालू होती आणि मका, सोया, डीडीजीएस यांना भारतात वाट मिळावी ही त्यांची मागणी होती.
_खूण:_ दिल्लीतून कराराची काही बातमी आली तर "शेतमाल" हा शब्द शोधा.

👉 *सरकार.* सरकारला दोन बाजू सांभाळायच्या असतात. भाव फार पडला की शेतकरी ओरडतो, फार चढला की शहर ओरडतं. ऑगस्ट २०२१ ला सोयाबीन १०,००० च्या घरात गेलं होतं, आठवतं? त्याच महिन्यात १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली गेली. डिसेंबर २०२१ ला सोयाबीनचे वायदे बंद झाले. मे २०२५ अखेर कच्च्या तेलावरचं शुल्कही २७.५ वरून १६.५ टक्क्यांवर आणलं. यातून एकच शिका: *भाव जोरात चढला की सरकार काहीतरी करतंच.* म्हणून शेंड्याची वाट बघत बसू नका.
आणखी एक. २०२४-२५ च्या हंगामात महाराष्ट्रात हमीभावानं ११ लाख टनांपेक्षा जास्त सोयाबीन खरेदी झालं. तो माल गोदामात पडून राहत नाही, कधी ना कधी लिलावाला निघतो. तो निघाला की प्लांटवाल्याला आपल्या दारात यायची घाई राहत नाही.
_खूण:_ हमीभाव केंद्रांच्या तारखा, सरकारी साठ्याच्या लिलावाची बातमी, शुल्कातला बदल.

👉 *गावातला खरेदीदार आणि प्लांट.* त्याला माहीत आहे की दिवाळी तोंडावर आहे, पुरानं घर खचलंय, रब्बीला बी-खत घ्यायचंय. त्याला माहीत आहे की आपल्याकडे वाळवायला जागा नाही. तो ओलावा, माती आणि डागी दाण्यांच्या नावानं कट लावणार. यंदा डागी माल जास्त असल्यानं कट आणखी वाढणार.
_खूण:_ गावातला भाव आणि लातूरच्या प्लांटचा त्याच दिवशीचा भाव यातला फरक. दोन्ही भाव रोज सकाळी ग्रुपवर टाकतो आहोत.

👉 *आणि आपण स्वतः.* हे सहसा कुणी धरत नाही. "जानेवारीत भाव येतो" म्हणून सगळेच थांबले तर जानेवारीत सगळेच एकदम विकायला निघतात. समोरचा मग दिवाळीऐवजी संक्रांतीला हात आखडता घेतो. आपण सगळे काय करणार हे समोरच्याला आधीच ठाऊक असेल, तर आपण थांबून काहीच मिळवलं नाही.

*५) थांबायला किती खर्च येतो?*

थांबणं फुकट नाही. समजण्यासाठी भाव ४,२०० रुपये धरू. माल चार महिने ठेवला तर क्विंटलमागे:

▪️ *व्याज:* बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ६ टक्के वार्षिक व्याजानं पैसा उचलला, तर चार महिन्यांचे ४,२०० वर ८४ रुपये. (तारणात मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, इथं हिशेब सोपा व्हावा म्हणून पूर्ण रकमेवर धरलं.)
▪️ *वजनातली घट:* ओलावा १२ वरून १० वर आला तर सव्वादोन किलोच्या आसपास घट, म्हणजे साधारण ९३ रुपये.
▪️ *साठवण, पोती, हमाली:* ४० रुपये धरा.

एकूण २१७. म्हणजे चार महिन्यांनी *४,४२० च्या आसपास* भाव मिळाला तर तुम्ही फक्त बरोबरीत सुटलात. त्यावर मिळेल तो फायदा.

आता हाच पैसा दोन टक्के महिन्यानं खासगी सावकाराचा असेल तर व्याजच ३३६ होतं. मग बरोबरीला *जवळपास ४,६८०* पाहिजे. म्हणून सरळ सांगतो: *ज्याच्या डोक्यावर खासगी कर्ज आहे त्यानं भावाची वाट बघू नये.* आधी ते व्याज थांबवा. तोच तुमचा पहिला फायदा.

*६) मग करायचं काय?*

पुढचा भाव कुणालाच सांगता येत नाही, आम्हालाही नाही. पण "असं झालं तर आपण असं करू" हे आधी ठरवता येतं. ते आजच ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. बाजार हलला की डोकं शांत राहत नाही, तेव्हा वही कामाला येते.

✅ *मालाचे आधी तीन ढीग करा.* पाण्यात राहिलेला, डागी, कोंब फुटलेला माल वेगळा. चांगला माल वेगळा. चांगल्यातलाही पावसाआधी पक्व झालेला किंवा निचऱ्याच्या रानातला एकसारखा माल आणखी वेगळा. एकत्र केलात तर वाईट माल चांगल्याचा भाव खातो.

✅ *पहिला ढीग (डागी): ठेवू नका.* साठवणीत तो आणखी बिघडतो आणि शेजारच्या पोत्यालाही बिघडवतो. वाळवून, चाळून लगेच विका. कंपनी असा माल गावनिहाय एकत्र करून दोन-तीन खरेदीदारांकडून भाव मागवणार आहे.

✅ *दुसरा ढीग (चांगला): टप्प्यानं विका.* आधी हमीभाव केंद्राची नोंदणी करून ठेवा. त्यासाठी सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीची नोंद लागते, ती झाली आहे का ते आजच तपासा. ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा. बाजार हमीभावाखाली असताना केंद्र हेच आपलं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक. जो माल केंद्रावर बसणार नाही त्याचा एक भाग गरजेपुरता विका, उरलेला तारणात ठेवा. तारणातला माल विकायची तारीख डोक्यात धरू नका, *भाव* धरा. तुमची बरोबरीची रक्कम काढा, तिच्यावर दीडशे-दोनशे मिळाले की अर्धा माल सोडा. आणि काहीही झालं तरी ब्राझीलची काढणी जोरात येण्याआधी, म्हणजे फेब्रुवारीच्या आत, बराचसा माल मोकळा करा.

✅ *तिसरा ढीग (उत्तम): बियाणं म्हणून राखा.* या मेसेजमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पेंडीत आपल्याशी मका भिडतो, तेलात अर्जेंटिना भिडतं. पण पुढच्या जूनमध्ये आपल्या रानात पेरायचं बियाणं ब्राझीलहून येणार नाही. यंदा पावसानं बियाण्याचे प्लॉटही खराब झालेत. चांगल्या उगवणीच्या बियाण्याची ओढ लागेल असा आमचा अंदाज आहे. निदान स्वतःच्या पेऱ्यापुरतं तरी ठेवा. पुढच्या वर्षी बॅगेमागे जाणारा पैसा वाचला तर तोही भावच मिळाल्यासारखा आहे.
काळजी एवढीच: मळणीयंत्राचे फेरे मिनिटाला ४०० च्या आसपास ठेवा, नाहीतर दाण्याला आतून मार बसतो. ऊन देऊन ओलावा १० टक्क्यांवर आणा. पोती लाकडी फळ्यांवर ठेवा, थप्पी उंच करू नका, वरून आदळू नका. आत्ता एकदा आणि मे महिन्यात एकदा ओल्या गोणपाटात १०० दाणे ठेवून उगवण बघा. ७० च्या वर उगवले तर बियाणं म्हणून चालेल, त्याच्या खाली गेलं तर वेळेत बाजारात विका.

*७) बातमी आली की काय करायचं?*

व्हॉट्सॲपवर रोज "सोयाबीन ७ हजार होणार" असं काहीतरी फिरतं. पुढे ढकलण्याआधी तीन प्रश्न:

१. ही बातमी तेलाची आहे की पेंडीची?
२. ही ऐकून मध्य प्रदेशचा शेतकरी, प्लांटवाला आणि सरकार काय करतील?
३. ते तसं वागले तर माझ्या मालाचं काय होईल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर त्या बातमीवर माल विकूही नका आणि अडवूही नका.

*८) कंपनीची जबाबदारी*

🔹 दर सोमवारी वरच्या खुणांचा छोटा मेसेज येईल: मंड्यांची आवक, पेंड आणि तेलाचा भाव, मक्याचा भाव, सरकारी निर्णय. आमचा अंदाज चुकला तर तेही त्याच मेसेजमध्ये सांगू.
🔹 ओलावा मोजायचं यंत्र कंपनीच्या गोदामात आहे, सभासदांना मोफत. माल काट्यावर नेण्याआधी मूठभर नमुना घेऊन या.
🔹 तारणासाठी कागद भरायला ऑफिसमध्ये माणूस बसवला आहे. सातबारा, आधार आणि बँक पासबुकची झेरॉक्स सोबत आणा.
🔹 बियाण्यासाठी किती माल राखताय त्याचा आकडा आपल्या गावच्या गटप्रमुखाला कळवा. कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी याचा मेळ मेमध्ये घालता येईल.

ज्यांचं सगळंच पीक गेलं त्यांना हा मेसेज वाचून काय वाटत असेल, याची आम्हाला जाणीव आहे. पंचनाम्यात नाव आलं नसेल किंवा पीकविम्याची अडचण असेल तर ऑफिसला या, अर्ज आम्ही भरून देऊ. आणि ज्यांच्याकडे चांगलं बियाणं उरलंय त्यांना विनंती: विकताना आधी गावातल्या अशा एकाला विचारा.

आभाळ आपल्या हातात नाही, ब्राझील तर नाहीच. कोणता माल कधी आणि कुणाला द्यायचा, एवढं मात्र आपल्या हातात आहे. तेवढं तरी दुसऱ्याच्या घाईनं ठरू देऊ नका.

काही शंका असेल तर याच नंबरवर आवाजी मेसेज टाका, संध्याकाळी सातपर्यंत उत्तर मिळेल.

आपली,
शेतकरी उत्पादक कंपनी 🌾